स्वतःच्या धर्मात नापास

"मॅडम, रूथ ख्रिस्ती धर्मात नापास झालीय."

तांबोळी सरांनी निकालाचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि ते उभेच राहिले. हसावं की तोंड पाडावं, हे त्यांचं ठरत नव्हतं.

"कोण रूथ? साळव्यांची?"

"तीच. आठवी ब."

"अहो, तिचा बाप चर्चमध्ये पेटी वाजवतो."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो."

मी चष्मा लावला. कागद खराच होता. वर परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा लोगो होता, हातात हात घेतलेली चार मुलं.

"मग ख्रिस्ती धर्मात पहिलं कोण आलंय?"

"ओंकार थोरात."

"इस्लाममध्ये?"

"ओंकारच."

"आणि हिंदू धर्मात?"

"त्यात ओंकार नापास आहे," सर म्हणाले. "त्याला वाटलं घरचाच विषय आहे, अभ्यास कशाला करायचा."

मी तेव्हा श्रीरामपूरजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका होते. निवृत्ती जवळ आली होती. माहेर पारनेर तालुक्यातलं. तिकडं पाणी कमी आणि तोंड जास्त, असं आमचे चेअरमन मला ऐकवायचे. तर हे तोंड घेऊन मी तिथं बरीच वर्षं नोकरी केली. शाळेत हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम अशी सगळी मुलं एकाच बाकावर बसायची आणि एकमेकांच्या डब्यातलं न विचारता खायची. भांडणं व्हायची ती क्रिकेटच्या आऊटवरून. धर्मावरून झालेलं भांडण मला तरी आठवत नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असलं की वरून उपक्रम येतो.

हा उपक्रम पुण्याच्या एका संस्थेचा होता. नाव सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. मुलांना एकमेकांच्या धर्माची माहिती झाली की आदर आपोआप वाढेल, अशी त्यांची कल्पना. त्यात चूक काहीच नाही. मी स्वतः परिपाठात दर वर्षी तेच सांगत आले. संस्थेनं एक रंगीत पुस्तिका छापली होती. प्रत्येक धर्माला चार पानं. एका पानावर पोशाख, एकावर प्रार्थनास्थळ, एकावर सण, एकावर खाणं. पुस्तिका वाटायची, तासिका घ्यायच्या, शेवटी परीक्षा. पेपर पुण्यात तपासले जाणार. तपासणारी कॉलेजची मुलं. त्यांच्या हातात उत्तरसूची, म्हणजे कोणत्या प्रश्नाला कोणतं उत्तर बरोबर धरायचं त्याची यादी. यादीत आहे ते बरोबर, नाही ते चूक. आम्ही शिक्षकही जन्मभर असेच पेपर तपासतो, त्यामुळे त्या मुलांना मी नावं ठेवणार नाही.

मुलांच्या आधी शिक्षकांचं प्रशिक्षण झालं होतं आणि तिथं आमचीही परीक्षा घेतली होती. मला ख्रिस्ती धर्मात पैकीच्या पैकी. मी पुस्तिका आदल्या दिवशी पाठ केली होती. तांबोळी सर मुस्लिम, पण त्यांना हिंदू धर्मात सगळ्यात जास्त आणि इस्लाममध्ये सगळ्यात कमी. घरी गेल्यावर बायकोनं त्यांना चहा दिला नाही, असं ते स्वतःच सांगत होते.

रूथचा पेपर मी मागवून घेतला. स्वच्छ अक्षर, वाक्याखाली पट्टीनं रेघ. हुशार मुलगी. सगळी उत्तरं लिहिलेली आणि बहुतेकांवर लाल फुली.

ख्रिस्ती स्त्रियांचा पोशाख कोणता? रूथनं लिहिलं होतं, साडी. उत्तरसूचीत होतं, झगा.

ख्रिस्ती लोक नाताळात कोणता पदार्थ करतात? तिचं उत्तर, करंज्या, शंकरपाळ्या आणि चकल्या. सूचीत केक.

भेटल्यावर एकमेकांना काय म्हणतात? सलाम. आमच्या भागातले जुने ख्रिस्ती एकमेकांना सलामच म्हणतात, मी रोज ऐकत होते. तपासणाऱ्यानं फुली मारून शेजारी प्रेमळ सूचना लिहिली होती, 'दोन धर्मांत गोंधळ करू नये.'

यात्रा कोणत्या धर्मात असते? तिनं लिहिलं, सगळ्यांत. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मदर मेरीच्या, यात्रेला आमचं अख्खं गाव टेम्पो भरून जातं. ज्यांना देवदर्शन नको त्यांना पाळणे हवे असतात. सूचीत फक्त हिंदू.

एकटी रूथच होती असं नाही. अत्तारांच्या सानियानं 'मुस्लिम घरात कोणती भाषा बोलतात' याला 'मराठी, आणि आई चिडली की हिंदी' असं लिहून मार्क घालवले होते. दर्ग्यात मलिदा कोण देतं, या प्रश्नाला ओंकारनं 'आमची आजी, दर गुरुवारी' असं लिहिलं होतं. हा प्रश्न इस्लामच्या भागात असता तर त्यानं पुस्तिकेतलंच लिहिलं असतं. तो चुकून 'सर्वसामान्य' भागात आला आणि पोरगं खरं बोलून बसलं.

स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो. मला वाटलं प्रकरण तिथंच संपलं.

आठवड्यात पत्र आलं. ज्या विद्यार्थ्यांना ज्या धर्मात कमी गुण असतील, त्यांच्यासाठी त्या धर्माचे उपचारात्मक वर्ग घ्यावेत. उपचारात्मक वर्ग म्हणजे कच्च्या मुलांचा जादा तास. गणिताचा असतो, इंग्रजीचा असतो. आता धर्माचा आला. आणि प्रशिक्षणात ज्या शिक्षकाला जास्त गुण, त्यानं तो घ्यायचा.

म्हणजे दर शनिवारी शाळा सुटल्यावर तांबोळी सर हिंदू मुलांना हिंदू धर्म शिकवणार आणि मी ख्रिस्ती मुलांना ख्रिस्ती धर्म. इस्लाम चित्रकलेच्या शिंदे सरांकडे गेला. त्यांनी मशिदीचं चित्र काढायला देऊन तास निभावून नेला. शहाणा माणूस.

मी मात्र पुस्तिका उघडली. वरून आलेलं काम करायचं, ही सवय हाडात मुरलेली.

"नाताळच्या रात्री मुले घरातील धुराड्यापाशी मोजे टांगतात," मी वाचलं.

मागून एक हात वर. "मॅडम, धुराडं तर फॅक्टरीला असतं."

"हो."

"तिथं वॉचमन सोडीत न्हाई."

"घरातलं धुराडं रे. परदेशी घरांत असतं."

"मग आमी कुठं टांगायचे?"

"तुम्ही टांगू नका. फक्त लिहा."

सगळे हसले. रूथ हसली नाही. ती खाली मान घालून लिहून घेत होती. मोजे, धुराडं, केक, झगा, सगळं. चुकलेलं उत्तर पाच वेळा लिहून काढायची सवय आम्हीच मुलांना लावलेली, त्याप्रमाणे तिनं 'करंज्या' खोडून पाच वेळा 'केक' लिहिलं. मला ते पाहून बरं वाटलं नाही. पण तास संपला होता, स्कूलबस हॉर्न देत होती, मी पुस्तिका मिटली.

डिसेंबर लागला आणि एका सकाळी रूथचे वडील ऑफिसात आले. शामुवेल साळवे. गावात शामूभाऊ. त्यांची पिठाची गिरणी. दिवाळीत सगळ्या गावाची चकलीची भाजणी त्यांच्याकडूनच दळून येते. अंगावर पीठ, हातात टोपी.

"मॅडम, एक इचारायचं हुतं."

"बसा ना. विचारा."

ते बसले नाहीत. "आमी ख्रिस्ती हाय का न्हाई?"

मी पेन खाली ठेवलं. "असं का विचारताय?"

"पोरगी म्हनती न्हाई. म्हनती, आपलं समदं चुकीचं हाय. आईला म्हनली, मंगळसूत्र घालून चर्चला येऊ नको. करंज्या करायच्या न्हाईत. आन् भजनात बसंना झाली. नाताळात आमची भजनं असत्यात, टाळ तिच्याकडं असतो. म्हनती, टाळ हिंदूच्या पानावर हाय, आपल्या पानावर न्हाई."

"तुम्ही समजावलं नाही?"

"लई समजावलं. ती म्हनती, पप्पा, तुमाला म्हाईत न्हाई, पुन्याच्या लोकान्ला म्हाईत हाय. त्यांनी पेपर तपासलाय." त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माझ्या आज्यानं धर्म घेतला तवा गावानं त्याला इचारलं, तू आता आमचा न्हाई का? आता पोरगी इचारती, आपुन ख्रिस्त्यांचे तरी हाय का. मी काय सांगू तिला? तुमी कागदावर लिहून द्या, मॅडम, का पोरीनं पेपरात लिवलेलं बरुबर हाय. कागदावर असल्याशिवाय ती मानायची न्हाई."

मला भयंकर राग आला. आदर शिकवायला निघालो होतो आणि एका मुलीला तिच्याच आईच्या गळ्यातल्या मण्यांची लाज वाटायला लावली होती. शामूभाऊंना म्हटलं, नाताळाच्या आत कागद देते. मी बोलून तर बसले, पण रूथनं मानायला तो पुण्याचाच हवा आणि तो आणायचा कुठून हे मला ठाऊक नव्हतं.

आधी संस्थेच्या समन्वयकांना फोन लावला. अभिजित सर. तरुण माणूस, आवाज गोड, प्रत्येक वाक्याची सुरुवात 'अगदी बरोबर' अशी.

"अगदी बरोबर, मॅडम. पण आपण स्थानिक चालीरीती आणि धर्म यांत फरक करायला हवा. करंजी ही स्थानिक चालरीत आहे."

"आणि केक?"

"केक हा धर्माचा भाग आहे."

"बायबलात आहे का केक?"

"अगदी बरोबर... म्हणजे, तसा नाहीये. पण जगभर आहे."

"आणि धुराड्याला मोजे? तेही कुठल्या तरी गावची चालरीतच असणार ना?"

त्यानं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, आमची तज्ज्ञ समिती आहे. समितीत ख्रिस्ती कुणी आहे का, विचारलं. तो म्हणाला, समिती तटस्थ राहावी म्हणून कुठल्याच धर्माचं कुणी घेतलेलं नाही. म्हणजे कोण घेतलंय, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मग पंचायत समितीत गेले. विस्तार अधिकारी गुंजाळ साहेब. तालुक्यातल्या शाळांवर देखरेख करणारा हा अधिकारी, म्हणजे आमचा जवळचा साहेब. माणूस चांगला, पण टेबलावरच्या फायलींच्या उंचीमुळे पलीकडून फक्त भुवया दिसायच्या.

"मॅडम, निकाल पोर्टलवर लॉक झालाय," भुवया म्हणाल्या.

"मग अनलॉक करा."

"ते वरून होतं. तुम्ही आक्षेप नोंदवा. संदर्भ जोडा. पुस्तकाचं नाव, पान नंबर."

"साहेब, संदर्भ म्हणजे तिची आई आहे."

"आईला पान नंबर कुठला देणार?"

"साहेब, मुलीनं स्वतःच्या घरात जे बघितलं तेच लिहिलंय."

"तिथंच चुकली ना ती," गुंजाळ साहेब कळवळून म्हणाले. "परीक्षेत घरचं कशाला लिहायचं? पुस्तकातलं लिहायचं. माझा मुलगा बघा, घरी काय चाललंय त्याला पत्ता नसतो, नव्वद टक्के पडतात."

चर्चच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, लेटरहेडवर पत्र दिलं. आमच्या मंडळीत साडी नेसतात, करंज्या करतात, टाळ वाजवतात आणि तरी प्रभू येशूला मानतात. खाली सही, शिक्का. ते पत्र मी संस्थेला पाठवलं. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय नोंदवला आहे.' नोकरीत बरीच वर्षं काढलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ लगेच कळतो.

मग मी आडवी वाट धरली. अभिजित सरांना पुन्हा फोन केला आणि आवाज होता होईल तेवढा गोड केला. "सर, आमच्याकडे उपचारात्मक वर्ग फार छान चाललेत. तुम्ही प्रत्यक्ष भेट द्या ना. नाताळाच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये कार्यक्रम आहे. फोटोही मिळतील."

फोटो म्हटल्यावर तो लगेच हो म्हणाला.

रविवारी पांढऱ्या गाडीतून अभिजित सर आणि एक कॅमेरावाला उतरले. आमचं चर्च साधं. पत्र्याचं छत, आत लांब सतरंज्या, दाराबाहेर चपलांचा ढीग. आवारात बायकांची लगबग. नव्या साड्या, कपाळं मोकळी पण केसांत गजरे. कुणाच्या मंगळसूत्रात वाट्यांच्या जागी छोटा क्रूस. रूथची आई विमलताई मोठं ताट घेऊन चालली होती, करंज्यांवर वर्तमानपत्र झाकलेलं. कार्यक्रमानंतर वाटायला. मुलीनं नको म्हटलं तरी तिनं केल्या होत्याच. तांबोळी सर आणि मी कुंपणापाशी उभे होतो. अभिजित सरांनी आम्हाला हात केला आणि वाटेतच विमलताईला थांबवलं.

"ताई, इथली ख्रिस्ती मंडळी कधी येणार?"

विमलताईनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आलीत की समदी. तुमचीच वाट बघत्यात."

तांबोळी सरांना एकदम खोकला आला.

बिचारा ओशाळला. चपला काढून आत आला, सतरंजीवर बसला. शामूभाऊंनी पेटीवर सूर धरला, ढोलकी सुरू झाली. टाळ पेटीजवळ नुसते पडलेले. रूथ दाराशी भिंतीला टेकून उभी होती. अंगात कुठून तरी मागून आणलेला पांढरा फ्रॉक, तोही एक वर्षापूर्वीच आखूड झालेला असावा. थंडीनं पायांवर काटा आलेला. मी तिला जवळ बोलावलं आणि अभिजित सरांशी ओळख करून दिली.

"हीच का रूथ? वा!" तो उठून कौतुकानं म्हणाला. कॅमेरावाल्याला खूण केली. "रूथ बाळा, सांग बरं, नाताळात तुमच्याकडे काय करतात?"

रूथ ताठ उभी राहिली. परीक्षेत तोंडी प्रश्नाला राहतात तशी.

"केक करतात. स्त्रिया झगा घालतात. मुले धुराड्यापाशी मोजे टांगतात."

"शाब्बास!" अभिजित सर माझ्याकडे वळले. "बघा मॅडम! वर्गांचा परिणाम!"

विमलताई ताट घेऊन मागंच उभी होती. तिनं वरचा कागद नीट केला आणि ताट पदराखाली घेतलं. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. शामूभाऊंची पेटी चालू होती पण ओळ चुकली, ती मलाही कळली.

माझा तोल गेला. चर्च आहे, भजन चाललंय, पाहुणा आहे, काही भान राहिलं नाही.

"सर, तुमच्याकडे दिवाळीला काय करतात?"

तो गोंधळला. "म्हणजे?"

"तुमच्या घरी. या दिवाळीला काय केलंत?"

"या वेळी आम्ही केरळला गेलो होतो. हाऊसबोट घेतली होती."

"पहाटे उठून अभ्यंगस्नान?"

"नाही हो, सुट्टीत कोण पहाटे उठतं?"

"घरी फराळ केला?"

"फराळ बायको ऑनलाईन मागवते. या वेळी तिथं मासे..." तो थांबला.

"पान अकरा," मी म्हटलं. पुस्तिका मला पाठच होती. "हिंदू लोक दिवाळीत पहाटे अभ्यंगस्नान करतात, घरी फराळ बनवतात व या काळात मांसाहार वर्ज्य मानतात. सर, तुम्ही हिंदू धर्मात नापास. तांबोळी सर, यांचं नाव घ्या शनिवारच्या वर्गात."

तांबोळी सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "शाळा सुटल्यावर असतो, सर. वही आणावी लागेल."

अभिजित लाल झाला. आणि तेवढ्यात खुदकन आवाज आला. रूथ हसत होती. तोंडावर हात घेतला तरी हसू थांबेना. किती दिवसांनी हसत होती कुणास ठाऊक.

"सर," तिनं विचारलं, "तुम्हाला पण पाच वेळा लिहायला लावणार?"

मग अभिजितही हसला. त्याचं एक मान्य करायला हवं, पोरगं मनानं साफ होतं. दुसरा असता तर माझी तक्रार करून मोकळा झाला असता. तो रूथसमोर उकिडवा बसला आणि खऱ्या आवाजात म्हणाला, "रूथ, मी घरी असं करतो म्हणून मी हिंदू नाही, असं कुणी मला आजवर म्हटलं नाही. तुला मात्र आम्ही म्हटलं. चुकलं आमचं. आता मला पुस्तकातलं नको सांगू. तुमच्या घरी काय करतात?"

रूथनं आईकडे पाहिलं. आईची पाठच होती.

"करंज्या," रूथ म्हणाली. मग मोठ्यानं, "मम्मी, करंज्या दे ना सरांना."

विमलताईनं लगेच वळून बघितलं नाही. डोळे पुसले, मग ताट पुढं केलं. "खोबऱ्याच्या हायेत," एवढंच म्हणाली. रूथनं एक स्वतः उचलली, ती तोंडात कोंबली आणि तसाच भरलेला गाल घेऊन पेटीजवळ जाऊन टाळ उचलले. शामूभाऊंनी मान वर केली नाही. मात्र लय एकदम वाढली आणि ढोलकीवाल्याची तारांबळ उडाली.

अभिजितनं तिथंच एका कागदावर लिहून दिलं, 'कु. रूथ साळवे हिची उत्तरे बरोबर आहेत.' खाली सही. तो कागद शामूभाऊंनी गिरणीत दळणाच्या दरपत्रकाशेजारी चिकटवला. पोर्टलवर ती अजूनही नापास आहे. लॉक उघडलं नाही ते नाहीच. उपचारात्मक वर्ग मात्र 'उद्दिष्ट साध्य झाल्याने' बंद झाले, तसं पत्र आलं. उद्दिष्ट कोणतं ते पत्रात नव्हतं.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढच्या वर्षी पुस्तिकेची नवी आवृत्ती आली. अभिजितनं खूप मेहनत घेतली होती. ख्रिस्ती धर्माच्या पानांवर आमच्याच चर्चचा फोटो, विमलताई साडीत, ताटात करंज्या. धुराडं गेलं, मोजे गेले. शामूभाऊंनी ती पुस्तिका गावभर दाखवली. मीही खूश झाले. नोकरीत आपल्या शब्दानं काही छापील बदललं, असं फार थोड्यांच्या नशिबी येतं.

परीक्षा झाली, निकाल आला. माझी निवृत्ती महिन्यावर होती, मी कपाट आवरत होते. रूथ दारात आली. सोबत एक नवा मुलगा. जोएल. त्याचे आईवडील केरळचे, दोघंही तालुक्याच्या एका दवाखान्यात नर्स. मराठी अजून अडखळत बोलायचा.

"मॅडम, ह्याला नापास केलंय," रूथ म्हणाली.

"कशात?"

"आमच्या धर्मात."

मी पेपर घेतला. चर्चमध्ये लोक कुठे बसतात? जोएलनं लिहिलं होतं, बाकावर. त्याच्या गावच्या चर्चमध्ये बाक असणार. लाल फुली. बरोबर उत्तर, सतरंजीवर. चपला कुठे ठेवतात? त्यानं लिहिलं होतं, पायात. लाल फुली.

मी रूथकडे वळले. "तुला किती पडले ग?"

"मला समदे पडले. माझ्याच घरचं आलंय ना."

"मग तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं बरुबर हाय, पन ह्याचं पन बरुबरच हाय," रूथ म्हणाली. "मी काल त्याच्या घरी गेल्ते, मॅडम. त्याच्या मम्मीला इचारलं. त्यांच्याकडं बाकच असत्यात. त्याला कुनी इचारलंच न्हाई."

जोएल बुटांकडे बघत उभा होता. तिनं त्याला कोपरानं ढोसलं. "घाबरू नको रे. मी पन नापास हुते."

मी फोन उचलला आणि अभिजितचा नंबर लावला.

नोकरीत मी धर्मांवर बरीच भाषणं दिली, बरीच पोस्टरं लावली. त्यातून कुणाला काय मिळालं, देव जाणे. मला विचाराल तर एवढंच सांगेन. दुसऱ्याच्या धर्माबद्दल जाणून घ्यायचं असेल तर त्याच्या घरी जावं, विचारावं, समोर येईल ते खावं. आणि मार्क कुणालाच देऊ नयेत.